भिंगाखालची वीण

सासूबाई ऑपरेशनला तयार होत्या, पण अट घालून: "गाठ काढा, भोवतालचं चांगलं मांस अजिबात कापायचं नाही." डॉक्टर समजावून थकले. शेवटी प्रयोगशाळेत कामाला असलेल्या सुनेनं सासूबाईंच्याच गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जन्मभर स्वेटर विणत आलेल्या सासूबाई भिंगात हरवून गेल्या. गुलाबी आभाळात जांभळे ठिपके तरंगत होते. "अगंबाई, किती देखणं!" मग त्या थबकल्या. "इथं वीण बिघडलीय." "तिथं एक पेशी थांबायचं विसरली," सून म्हणाली. "तिच्या लेकीही तशाच निघाल्या." "आणि चांगल्या विणीत घुसलेल्या या दोघी?" "त्या रक्ताच्या वाटेला लागल्यात, आई. फुप्फुसात, हाडात, मिळेल तिथं बिऱ्हाड थाटतात." सासूबाईंनी भिंगावरून डोळा हलवला नाही. हळूच म्हणाल्या, "चूक उसवताना मीही खालची एक चांगली ओळ उसवतेच. डॉक्टरांना सांग, हात आखडू नका म्हणावं."