धुळ्याला बांधलेला सेट

रुग्णवाहिकेचा चालक हेमराज याचा हिशोब साधा होता: पेशंट सोडून धुळ्याला परतताना नवा पेशंट गळ्यात पडला नाही, तर ड्यूटी वेळेवर संपून दोंडाईचाला माहेरी बाळंतपणासाठी गेलेल्या बायकोला भेटता येणार होतं. रुग्णवाहिकेचा वायरलेस जवळचा टॉवर आपोआप धरतो आणि त्यावरून कंट्रोल रूमला गाडी सापडते. म्हणून या हुशाराने सेट धुळ्याच्या टॉवरलाच बांधून ठेवला, म्हणजे धुळ्याबाहेर गाडी कोणाला दिसणारच नाही. दोंडाईचात सेट मुका, मोबाइलही मेलेला. सासऱ्यांची गल्ली आली, पण गरोदर बाईच्या दारात रुग्णवाहिका अशुभ, म्हणून तो थांबला नाही. धुळ्याजवळ सेटवर कंट्रोलचा माणूस बोलला. “हेमराजभाऊ, होतात कुठे? दोंडाईचात एकही गाडी दिसेना, शेवटी इथून पाठवली.” “कोणासाठी?” “दिपमालावहिनींसाठी.” हेमराज दवाखान्यात पोचला तेव्हा दारात सासरे डोकं धरून बसले होते. “जवाईबापू, गल्लीवरून एक गाडी गयी. आम्ही हात केला, पन ती थांबनी नही.” दिपमाला वाचली. हेमराजच्या हुशारीची किंमत बाळाने मोजली.