खड्डे भरल्यावर

डोळ्यांखालचे खड्डे श्रावस्तीला आईकडून आले होते. आई गेल्यावर आरशात तीच दिसायची, म्हणून श्रावस्तीनं लातूरला जाऊन फिलरची इंजेक्शनं घेतली आणि खड्डे भरून टाकले.

येरमाळ्याला परतल्यावर शेजारच्या कोंडाबाई म्हणाल्या, "लई गोड दिसायलीस गं. पर सरुबाईची लेक वाटंनास."

घरात दुसरं कुणीच नव्हतं. फोन तोंडासमोर धरला, तर तो चेहरा ओळखेना, उघडेना. तिनं तो आईच्या रिकाम्या खाटेवर टाकला आणि लाईट लावायला वळली.

मागं उजेड पडला. फोन उघडला होता. तिच्या नव्या चेहऱ्याचे फोटो एकेक करून मागं सरकत होते.

खड्ड्यांचा जुना चेहरा येताच सरकणं थांबलं. मग दोन बोटांनी ताणावा तसा तो फोटो मोठा होऊ लागला.