पोटातून

पडद्यावरच्या आईला आपलं मूल गेल्याचं कळतं, त्या क्षणाची किंकाळी हवी होती. डबिंगवाली सकाळपासून काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर ओरडत होती. घसा पार बसायला आला, तरी दिग्दर्शकाच्या काही मनास येईना.

"ताई, हे नुसतं घशातून येतंय. पोटातून येऊ द्या. तुम्हालाही मुलगी आहे ना?"

"आहे की. शाळेत गेलीय आता."

तो बाहेर जाऊन आला. रेकॉर्डिंग चालू ठेव, अशी रेकॉर्डिस्टला खूण केली आणि तिच्याशी बोलायचं बटण दाबून हळू आवाजात म्हणाला, "ताई, शाळेतून फोन होता. तुमच्या मुलीला गाडीने उडवलं. जागच्या जागी गेली."

तिने तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाटच होती.

जरा वाट बघून त्याने पुन्हा बटण दाबलं. "मुलगी ठणठणीत आहे हो. मी मुद्दामच बोललो."

तिने हेडफोन काढून शाळेला फोन लावला. तो रेकॉर्डिस्टकडे वळला.

"आधीचा, ओरडण्याचाच टेक ठेव. त्यात निदान आई तरी वाटत होती."