नाव कमी करण्याचं कारण

भोजराज खुर्चीवर बसायला तयार नव्हता. टेबलासमोर उभा राहूनच त्याने चार घड्यांचा अर्ज पुढे केला. "मॅडम, मयुरीचं नाव कापून टाका."

आम्रपालीने अर्ज वाचला. चर्चच्या या सेंटरमध्ये आठ वर्षं ती मुलांच्या फायली सांभाळत होती आणि त्यांची पत्रं त्यांचा खर्च उचलणाऱ्या परदेशातल्या स्पॉन्सरांना पाठवत होती. असे अर्ज अलीकडे वाढले होते. पण मयुरीचा येईल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"काहून?"

"मोठीचं, पौर्णिमाचं, लगन जुळलं. लांजीकडचे पाव्हने. त्यायनं निरोप धाडला, का तुमची लहानी पोरगी चर्चमंदी जाते, तुमी धरम बदलून राह्यले. तिचं जानं बंद करा, नाही तं सोयरीक मोडली समजा. आज संध्याकाळी येऊन राह्यले. नाव कापल्याचा कागद दाखवा म्हनते."

"मंग बदलला का धरम? आमच्यातलं कोनी म्हटलं का तुमाले, बदला म्हनून?"

"नाही जी. पन लोकाचं तोंड कोन धरते?"

लग्न मोठीचं, आणि किंमत धाकटीने मोजायची. आम्रपालीने मयुरीची फाईल काढली आणि जरा जोरातच टेबलावर ठेवली. चार वर्षांपूर्वी सेंटरच्या शिबिरात मयुरीचं रक्त तपासलं, तेव्हा सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार निघाला होता. तोवर ती पोर घरात कामचुकार म्हणून बोलणी खात होती. तेव्हापासून रोजची गोळी, ठरल्या दिवशी गोंदियाला तपासणी, आणि अंगातल्या कळा सोसेनाशा झाल्या तेव्हा दोनदा सेंटरच्या जीपने नेऊन रक्त चढवलं होतं. हे सगळं कॅनडातल्या हेलन नावाच्या एका म्हातारीमुळे. ती कधीकाळी शाळेची बस चालवायची. प्रत्येक पत्रात ती आधी मयुरीच्या रक्ताचं विचारायची, मग अभ्यासाचं.

"गोळी बंद झाली तं का होईन, डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगतलं होतं."

"हौ. सांगतलं होतं."

"मी घरी आनून देते. कोनाले नाही सांगत."

"गावात समद्यायले दिसते, मॅडम."

"मंग जिल्ह्याले, बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथं फुकट भेटते. दर महिन्याले नेसान ना?"

"हौ."

हा 'हौ' आम्रपालीच्या चांगला ओळखीचा होता. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून इकडची माणसं तो म्हणतात. भोजराज राइस मिलमध्ये पोती उचलायचा. एक दिवस गेला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा असायचा. बायको भाताच्या रोवणीच्या, कापणीच्या कामावर. पोरीला नेणार कोण?

मयुरी बाहेर ओट्यावर बसली होती. अकरा वर्षांची, पण आठची वाटायची. डोळे पिवळसर. कोणी मागितलेली नसताना तिने सेंटरची बॅग धुऊन परत आणली होती, आणि बॅग मांडीवर धरून ती गेटकडे बघत होती.

आम्रपालीने नाव कमी करण्याचा छापील कागद घेतला. कारणासाठी त्यात चार चौकोन होते. घरच्यांना मिळायची ती फक्त नाव कमी केल्याची पावती; कारण स्पॉन्सरला कळवावं लागायचं, तो सेंटरचा नियमच होता. तिने तिसऱ्या चौकोनाशी पेन नेलं.

"का लिहून राह्यले?" भोजराजने विचारलं.

"पालकांची इच्छा नाही."

त्याने पटकन कागदावर हात ठेवला. पोत्यांनी सोललेला, जाड पंजा. अर्धा कागद त्याखाली झाकला गेला.

"हे नोका लिहू, मॅडम. त्या बाईनं चार वर्सं माह्या पोरीले जगवलं. ना वळख, ना नातं. अन् आता आमी तिले लिहून द्याव, का आमची इच्छा नाही? का वाटन तिले? म्हनन, कशी मानसं हायेत."

"मंग गाव सोडलं लिहू?"

"मंग ते बाई पुसन, कोन्या गावाले गेले. तिथं सेंटर हाय का पाहन. ते सोडनारी नाही." तो कागदावर वाकला. "बाकी का हाय त्याच्यात?"

आम्रपालीने वाचून दाखवलं. शिक्षण पूर्ण झालं. मुलाचा मृत्यू.

भोजराजने मान खाली घातली. बाहेर कोणीतरी मयुरीला खेळायला बोलावलं, तिने नको म्हटलं.

"शेवटचं लिहा," तो म्हणाला.

"भाऊ, शुद्धीवर हाव का तुमी?" आम्रपाली उठून उभीच राहिली. दार सताड उघडं होतं. ती धावत जाऊन ते लोटून आली. "पोरगी बाहेर बसून हाय!"

"त्याच्यानं कोनाचं वाईट नाही होत, मॅडम. बाई रडन दोन-चार दिवस. मंग दुसऱ्या लेकराले धरन. आमच्यावर राग नाही राहाचा तिचा."

"अन् मी जित्या पोरीले मेली लिहू? ते बाई रोज हिच्यासाठी प्रार्थना करते. मी तिले खोटं नाही लिहिनार."

भोजराजने कागदावरचा हात काढला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, ते त्याने पुसलंही नाही. आवाज मात्र नेहमीसारखाच नरम होता.

"खोटं काहून, मॅडम? थोडं लवकर लिहून राह्यले तुमी, येवढंच."