हिरवा स्टिकर

“सरळ लाव. वाकडा स्टिकर दिसला का लोकायचा मशीनवरचा भरोसा उडते,” प्रफुल्ल चोपकर म्हणाले.

थांबत्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या शॉक मशीनवर तृप्तीने हिरवा स्टिकर सरळ लावला. ‘तपासले. वापरास योग्य.’ तपासणं तर राहोच, मशीन कोणी जागचं हलवलंही नव्हतं. दवाखान्यातली यंत्रं तपासणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर असलेल्या चोपकर सरांची ही पद्धतच होती. आधी चहा, मग स्टिकर, मग डॉक्टरांची सही.

तसं त्यांच्या बॅगेत सगळं सामान होतं. विजेची गळती शोधणारा मीटर, शॉक मशीनचा झटका मोजणारं यंत्र, मॉनिटर तपासायला त्याला हृदयाचे हवे तसे ठोके पुरवणारा सिम्युलेटर. कंपनीने दिलं तसंच, प्लास्टिकच्या वेष्टणात.

“सर, उघडू का एखादं? कॉलेजात आमच्याकडून रोज करून घेतात.”

“कायले? उघडलं का मंग पॅक कराचं झंझट. कॉलेज वेगळं पोरी, दवाखाना वेगळा.”

नागपूरला बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली, वर्गात पहिली येणारी मुलगी. तिने उन्हाळी ट्रेनिंगसाठी आपल्यासारख्या माणसामागे भंडारा जिल्हा का पालथा घालावा, हा प्रश्न सरांना पडायला हवा होता. पडला नाही. हुशार मुलगी बॅग उचलते, एवढ्यावर ते खूश होते. तिचं आडनावही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तृप्तीचे वडील मारोतराव गभणे चिखल्याच्या खाणीत कामाला होते. त्यांचं हृदय थांबत होतं तेव्हा तुमसरच्या याच दवाखान्यात, याच मशीनने ऐन वेळी झटका दिला नव्हता, आणि ते गेले. दिवा हिरवा, स्टिकर हिरवा, आणि मशीन ढिम्म. नंतर अहवाल आला की मशीन उत्तम आहे, सिस्टरने चुकीचं बटण दाबलं. तृप्तीच्या आईने भर वॉर्डात रीता सिस्टरला शिव्याशाप दिले. तृप्तीनेही दिले. रीताची बढती गेली आणि गावात तिचं नाव झालं ते ‘माणूस मारणारी सिस्टर’ म्हणून.

मग दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी एक शॉक मशीन टेबलावर ठेवलं. दिवा हिरवा, पण बॅटरी म्हातारी. झटका द्यायची वेळ आली की मान टाकते, आणि झटका मोजून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. बाकीची मुलं लिहून घेत होती. तृप्तीला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि तो पुन्हा कधी गेलाच नाही.

आज वॉर्डात रीताची ड्यूटी होती. सकाळपासून तिने तृप्तीकडे वर मान करून पाहिलं नव्हतं.

“छातीत लय जळून राहिलं,” सर अचानक खुर्चीत बसले. सकाळी त्यांनी पोह्यांवर पुन्हा पुन्हा झणझणीत तर्री ओतून घेतली होती. आता कपाळावर घाम होता.

रीताने त्यांना खाटेवर घेतलं, ईसीजी काढला आणि कागद घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता.

“काय म्हणाले डॉक्टर?” सरांनी विचारलं.

रीताने तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने नजर खाली, सरांच्या बॅगेकडे वळवली.

“झोपून राहा सर. मॉनिटर लावते.” रीताने त्यांना गळ्यापर्यंत चादर घातली, खाली हात घालून बराच वेळ वायरी नीट केल्या. तृप्ती मॉनिटरमागे जाऊन उभी राहिली.

आधी सगळं ठीक होतं. मग पडद्यावर डोंगर उठले. रुंद, घाईघाईचे, साच्यातून काढल्यासारखे एकसारखे. मॉनिटर ओरडायला लागला. एवढं सरांनाही कळत होतं. असं हृदय कोणत्या घडीला थांबेल याचा नेम नसतो.

“शॉक मशीन!” ते किंचाळले.

तृप्तीने शेजारचं मशीन पुढे ओढलं. ताजा स्टिकर चमकत होता.

“हे नोको! दुसरं आण!”

“दुसरं नाही सर. आणि काहून नको? आत्ताच तर स्टिकर लावला आपण.”

“तपासलं नाही ना त्याले!”

“मागच्या वर्षी?”

“कधीच नाही! अवं, डॉक्टरले बोलाव!”

तृप्ती जागची हलली नाही. “आणि मारोतराव गभणे गेले तेव्हा?”

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “तू... तू कोन हायेस?”

“पोरगी त्यांची. बोला सर, टाइम कमी हाय तुमच्यापाशी.”

बाबांनी शेवटी जे पाहिलं असेल ते या माणसाच्या डोळ्यांत उतरलेलं तिला बघायचं होतं. उतरलं. तिला जराही दया आली नाही.

“बॅटरी मेली होती!” सर रडायला लागले. “म्या मागून येऊन बदलली. सिस्टरचं नाव म्याच टाकलं रिपोर्टात. नोकरी गेली असती माह्यी. वाचव मले, पोरी!”

दारात डॉक्टर उभे होते. ते केव्हापासून तिथे होते हे सरांना कळलं नाही. रीताने पदराने डोळे पुसले.

“काही झालं नाही सर तुमाले. ॲसिडिटी हाय,” ती म्हणाली. “डॉक्टरनं कागद पाहूनच सांगतलं होतं.”

सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. डोंगर अजून धावत होते. रीताने चादर ओढून बाजूला केली. त्यांच्या छातीवर एकही वायर नव्हती. तृप्तीने मॉनिटरमागे हात घातला, सगळ्या वायरी जोडलेला सिम्युलेटर पुढे आणला आणि त्याचं बटण बंद केलं. फाडलेलं प्लास्टिकचं वेष्टण तिने सरांच्या बॅगेवर नीट घडी करून ठेवलं होतं.