निम्मी मी, निम्मी तू

मास्तरांच्या खिशातला फोन दोनदा वाजला आणि आपोआप स्पीकरवर सुरू झाला. बटणांशी झटापट नको म्हणून लेकीनंच तशी सोय करून दिली होती.

“बाबा, ऐकू येतंय ना?” तिचा आवाज चिरकला होता. “मी गाडीत आहे, मोठ्या रस्त्यावर. हातपाय गळालेत माझे. गाडी थांबवायची कशी, काही सुचत नाहीये.”

काचेतून येणाऱ्या उन्हानं मास्तरांना जरा गुंगी आली होती. ती पार उतरली. ते बसल्या जागी सावरून बसले.

“मदतीला फोन केलास?”

“केला. पोलीस निघालेत. पण तोवर...”

“तोवर मी आहे की. रडायचं नाही. उजळणी समज.”

उभी हयात त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवली होती. शेजारच्या सीटवर बसून तोंडानं सांगायचे आणि सांगतील तसे त्यांचे स्वतःचे हातपायही चालायचे. ही खोड घरीसुद्धा सुटली नाही. जेवताना फोनवर कुणाला रस्ता सांगायचा झाला तर ते ताटावरच वळण घेत आणि बायको मुकाट्यानं पाण्याचा पेला बाजूला सरकवी. लेक शिकायला बसली तेव्हा हसून हसून बेजार व्हायची.

“बाबा, गाडी तुम्ही चालवताय की मी?”

“निम्मी मी, निम्मी तू,” ते म्हणायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

अलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे. त्यांच्या विसरण्यावरून घरच्यांचं डॉक्टरांशी बोलणं झाल्यापासून तर सगळे त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तसे बोलत. आज मात्र लेक अडली होती आणि तिला आठवण झाली ती बापाचीच. मास्तरांचा ऊर भरून आला.

“ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल,” ते म्हणाले. “हळू. मागे कोण आहे?”

“ट्रक आहे. त्याला जाऊ दे आधी.” ती क्षणभर थांबली. “गेला, बाबा. डावीकडे मोकळं आहे आता.”

“मग दे इंडिकेटर आणि घे कडेला. घाई नाही, कुणी मागे लागलेलं नाही आपल्या. ब्रेक हलका... हलका... आता क्लच. दाब. थांबली?”



“थांबली, बाबा.”

“हँडब्रेक ओढ. चारही दिवे लुकलुकते ठेव.”

“लागले. दिसतायत मला.”

“शाबास. नापास करायला जागाच ठेवली नाहीस.” मास्तर समाधानानं मागे टेकले. हाताला घाम आला होता, तो त्यांनी पँटला पुसला.

“आता हलू नका, बाबा. मी आलेच.”

मास्तरांना हसू आलं. अडकली ही, आणि येणार म्हणे हीच.

तेवढ्यात डावीकडच्या काचेवर टकटक झाली. बाहेर लेक उभी होती, डोळे सुजलेले, आणि तिच्या मागे जावयाची गाडी कडेला लागली होती. दार उघडून ती शेजारच्या सीटवर बसली, मास्तर इतकी वर्षं बसायचे तशी, आणि त्यांच्या पुढ्यातल्या स्टिअरिंगखाली हात घालून तिनं किल्ली काढून घेतली.