कानाचा भरवसा
लेकीने स्वतः वेल्ड केलेल्या, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूमचे सगळे पाइप काढून पुन्हा जोडले, तरी इंजिन गचके खातच राहिलं. "हवा कुठूनतरी शिरतेय, बाबा. ऐका ना, केवढं सूं सूं करतंय!" जन्मभर नुसत्या कानाने गळती पकडणाऱ्या बाबांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं सांध्यासांध्यावरून फिरवलं. "गळती नाहीच. तुझं डिझाइनच चुकलंय." तिच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! "बहिरे झालात का?" ती त्यांच्या पाठीमागून ओरडली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. ते नळी फिरवतच राहिले. तिचा राग विरला. तिने त्यांचं बोट धरून, जिथून सूं सूं येत होतं तिथे, मॅनिफोल्डमधून ब्रेककडे जाणाऱ्या पाइपाच्या सांध्यावर दाबलं. कातडी आत ओढली गेली आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. बाबा बोट न काढताच पुटपुटले, "फक्त आईला सांगू नकोस."